कोरड्या नदीचा महापूर

पाऊस पडला नाहीं म्हणजे शेतकरी बुडतो, आणि पाऊस फार पडला म्हणजेही शेतकरी बुडतो, ही गोष्ट कोणास नवी नाहीं. मराठी भाषेनें दुष्काळाला ‘कोरडा’ आणि ‘ओला’ अशीं दोन विशेषणें लावलीं तीं याच अनुभवामुळें. परंतु एकाच वर्षीं, अवघ्या दीड महिन्याच्या अंतरानें, एकाच मोठ्या मैदानावर या दोन्ही आपत्ति उभ्या राहाव्या असा योग विरळा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मध्यभागाच्या मैदानांत १९३५ सालीं तसा योग आला. जी नदी उन्हाळ्यांत सहज पायीं ओलांडतां येई, तिनें एका दिवसांत शंभराच्या आसपास माणसें नेलीं. त्या पुराची हकीकत, त्याला कारण झालेल्या मेघांची घडण, आणि त्याच मेघांतून सुटणाऱ्या वाऱ्याचा स्वभाव, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

रॉकी पर्वताच्या पूर्वेस जी भूमि पसरली आहे ती दुरून सपाट दिसते; वस्तुतः ती पूर्वेकडे हळूहळू उतरत गेलेली आहे. डोंगर नाहीं, दाट अरण्य नाहीं. क्षितिजापर्यंत गवत, गहूं आणि मका. कॉलोरॅडो संस्थानाच्या पूर्व भागांत या मैदानावरच रिपब्लिकन नांवाची नदी उगम पावते, नेब्रास्कांतून वाहते आणि शेवटीं कॅन्ससमध्यें दुसऱ्या एका नदीस मिळते. या नदीचें वैशिष्ट्य असें कीं, तिला पर्वतावरील बर्फाचें पाणी मिळत नाहीं. मैदानावर पडणारा पाऊस आणि जमिनींतून पाझरणारे झरे एवढेंच तिचें भांडवल. पात्र रुंद आणि वाळूचें, प्रवाह मात्र बारीक. तरीही त्या उघड्या मुलखांत पाणी, झाडें आणि काळी कसदार माती जी कांहीं होती ती या नदीच्या खोऱ्यांतच. म्हणून गांवें खोऱ्यांत वसलीं, आगगाडीचा रस्ता खोऱ्यांतून गेला आणि शेतकऱ्यांनीं घरेंही नदीच्या कांठींच बांधलीं. त्यांत त्यांचा अविचार नव्हता. पाणी जेथें आहे तेथें माणसानें राहावें, हा व्यवहार सर्व जगांत एकच आहे.

१९३० नंतरचीं वर्षें त्या मैदानाला फार वाईट गेलीं. शतकानुशतकें मातीला धरून ठेवणारें गवत नांगराखालीं गेलें होतें, आणि पाऊस मागें हटला. उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडूं लागली. १४ एप्रिल १९३५, रविवार, हा दिवस तेथें ‘काळा रविवार’ या नांवानें अजून ओळखला जातो. त्या दिवशीं धुळीचा एक प्रचंड पडदा मैदानावरून सरकत गेला आणि भर दिवसा हातचा हात दिसेनासा झाला. त्यानंतर तेराव्या दिवशीं, २७ एप्रिल रोजीं, जमिनीची धूप थांबविण्यासाठीं त्या राष्ट्रानें खास कायदा केला. शेतकरी मात्र कायद्याकडे नव्हे, आकाशाकडे पाहत होता. त्याला एकच मागणें मागावयाचें होतें, आणि तें म्हणजे पाऊस.

तो पाऊस ज्या मेघांतून येतो त्यांची घडण समजून घेणें अगत्याचें आहे. या मैदानाच्या दक्षिणेस मेक्सिकोचें आखात आहे. वसंत ऋतूंत तेथील ऊन आणि वाफेनें भरलेली हवा उत्तरेकडे वाहत येते. तिच्या डोक्यावरून पश्चिमेकडील उंच, कोरड्या प्रदेशाची तापलेली हवा पसरते. ही वरची हवा झांकणासारखी बसते. भाताचें आधण चुलीवर ठेवून वर जड झांकण ठेवलें म्हणजे प्रथम कांहींच दिसत नाहीं. आंत वाफ कोंडत जाते, आणि एका क्षणीं झांकण उडून सर्व वाफ एकदम बाहेर येते. मैदानावर दुपारपर्यंत हाच प्रकार चालतो. सकाळ निरभ्र, हवा कोंदट, पान हालत नाहीं. आणि दिवस कलतां कलतां क्षितिजावर एक पांढरा ढग फुलकोबीसारखा फुगूं लागतो. तासाभरांत त्याचा माथा चाळीस-पन्नास हजार फुटांवर जातो. जगांतील सर्वांत उंच शिखर एकोणतीस हजार फुटांचें आहे हें ध्यानांत घेतलें, म्हणजे या मेघाच्या उंचीची कल्पना येईल.

असे मेघ सामान्यतः पुढें सरकत जातात. एका गांवावर अर्धा-पाऊण तास कोसळून दुसऱ्या गांवाकडे जातात. त्यांनीं फारशी हानि होत नाहीं, उलट पीक जगतें. परंतु कधीं कधीं असें होतें कीं, एक मेघ जेथून उठला तेथूनच दुसरा उठतो, त्याच्यामागें तिसरा, आणि आगगाडीचे डबे एकाच रुळावरून जावे तसे ते सर्व एकाच भूमीवरून जातात. रात्र पडली तरी दक्षिणेचा ओला वारा थांबत नाहीं. मैदानावर तर तो रात्रीं अधिकच जोर धरतो. अशा वेळीं वर्षाचा पाऊस एका रात्रींत पडतो.

३० मे १९३५ रोजीं रिपब्लिकन नदीच्या उगमाकडील प्रदेशांत हेंच घडलें. त्या भागांत वर्षभरांत साधारण १७-१८ इंच पाऊस पडतो. त्या दिवशीं आणि त्या रात्रीं कांहीं ठिकाणीं सुमारे २४ इंच पाऊस पडला असा अंदाज मागाहून करण्यांत आला. अंदाज म्हणण्याचें कारण, पाऊस मोजण्याचीं यंत्रें त्या मुलखांत फार दूर दूर होतीं. उघड्यावर राहिलेल्या बादल्या, पिंपें, जनावरांचे हौद यांत सांचलेल्या पाण्यावरूनच हिशेब करावा लागला. आतां हा आंकडा म्हणजे प्रत्यक्षांत किती पाणी, हें साध्या गणितानें पाहतां येईल. एक चौरस मैल भूमीवर एक इंच पाऊस पडला तर तें पाणी सुमारे २३ लक्ष २३ हजार घनफूट भरतें आणि त्याचें वजन सुमारे ६५ हजार टन होतें. २४ इंच पडला तर एकाच चौरस मैलावर साडेपंधरा लक्ष टन. आणि हा पाऊस एक-दोन चौरस मैलांवर पडला नव्हता. शिवाय वर्षानुवर्षें तापून कठीण झालेल्या, गवत हरपलेल्या जमिनीवर तो पडला. अशी भूमि पाणी पीत नाहीं. तें जसें पडतें तसें वाहूं लागतें.

३१ मे रोजीं नदी खोऱ्यांत उतरली. ज्यांनीं ती पाहिली त्यांनीं तिचें वर्णन पाण्याची भिंत असें केलें. आणि पाहण्याच्याही आधीं पुष्कळांनीं तिची गर्जना ऐकली. कांहींशे फूट रुंदीचा प्रवाह कित्येक ठिकाणीं एक-दोन मैल रुंद झाला. नेब्रास्कांतील केंब्रिज गांवाजवळ सेकंदाला अडीच लक्ष घनफुटांहून अधिक पाणी वाहत होतें असा हिशेब इंजिनियरांनीं पुढें मांडला. घरें पायांवरून उचललीं जाऊन तरंगूं लागलीं. माणसें छपरांवर चढलीं, छपरें मोडलीं तेव्हां झाडांना बिलगलीं. आगगाडीचे रूळ भरावावरून मुरगळून बाजूला पडले. तीनशेंहून अधिक पूल वाहून गेले, शेंकडों मैल रस्ते नाहींसे झाले, हजारों गुरें मेलीं. मृत माणसांची संख्या सर्व नोंदींत सारखी नाहीं. ११३ हा आंकडा बहुधा दिला जातो. पाणी ओसरल्यावर चांगल्या शेतांवर वाळूचे थर उरले. दीड महिन्यापूर्वीं जी माती वाऱ्यानें नेली नव्हती, ती आतां पाण्यानें नेली.

इतकीं माणसें कां मेलीं, हा प्रश्न त्या काळींही विचारला गेला. याचें उत्तर मैदानाच्या स्वभावांतच आहे. डोंगराळ मुलखांतील माणूस वर पाहतो आणि पूर येईल असें ताडतो. कारण ज्या पावसानें पूर येतो तो त्याच्या डोक्यावर पडत असतो. मैदानांतील नदीचा पूर याहून निराळा. पाऊस पडतो पन्नास-शंभर मैलांवर, रात्रीं. आणि खालच्या गांवांतील माणूस सकाळीं उठतो तेव्हां त्याच्या अंगणांत फार तर चार थेंब पडलेले असतात. दुष्काळानें पोळलेल्या माणसाला दूरच्या क्षितिजावर चमकणाऱ्या विजा पाहून भय वाटत नाहीं, आनंद वाटतो. संकटाची वार्ता तारेनें किंवा टेलिफोननेंच पोंचावयाची. परंतु तारांचे खांब नदीच्या कांठानेंच उभे होते, आणि पुरानें प्रथम तेच पाडले. ज्यांना वार्ता पोंचली त्यांतही कित्येकांचा विश्वास बसला नसल्यास नवल नाहीं. या नदीला इतकें पाणी येईल, असें सांगणाराच खुळा ठरावा अशी तिची आजवरची चाल होती.

पाऊस हें या मेघाचें एक अंग. वारा हें दुसरें. वादळी वारा म्हटला कीं भोंवऱ्यासारखी फिरणारी चक्री वावटळ डोळ्यांपुढें येते. परंतु मैदानावरील पुष्कळ नासधूस फिरणाऱ्या वाऱ्यानें होत नाहीं, सरळ वाहणाऱ्या वाऱ्यानें होते. त्याचें कारण असें. मेघांतून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेंत अंशतः वाळतात. ओल्या वाळ्याच्या पडद्यांतून आलेली हवा गार लागते, त्याच न्यायानें थेंब वाळतांना भोंवतालची हवा एकदम थंड होते. थंड हवा जड. ती पावसाबरोबर खालीं कोसळते. भूमीवर आदळल्यावर तिला खालीं जावयास वाव नसतो, म्हणून ती चोहोंकडे पसरते. पाऊस येण्यापूर्वीं जो गार झोत अंगावर येतो तो हाच. वैशाखांतील वळिवाच्या आधीं धूळ उडविणारा, खिडक्या आपटणारा वारा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचें आणि अमेरिकेच्या मैदानावरील झंझावाताचें कूळ एकच.

या सरळ वाऱ्याला नांव देणारा गृहस्थ आयोवा संस्थानांतील विद्यापीठाचा प्राध्यापक होता. गुस्ताव हिनरिक्स हें त्याचें नांव. ३१ जुलै १८७७ रोजीं आयोवावरून गेलेल्या एका वादळाचा त्यानें अभ्यास केला. आणि १८८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, फिरणाऱ्या वावटळीहून हें वादळ भिन्न आहे असें दाखवून त्यास ‘डेरेचो’ हा स्पॅनिश शब्द योजिला. त्याचा अर्थ ‘सरळ’. पुढें फार वर्षें हा शब्द विस्मृतींत पडला होता. हा वारा वरून कसा कोसळतो याचा उलगडा मात्र तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाच्या हातून झाला. १९४५ सालीं अणुबाँबनें उद्ध्वस्त झालेल्या हिरोशिमा व नागासाकी या शहरांची त्यानें पाहणी केली होती. एका बिंदूवरून सर्व दिशांना पडलेलीं झाडें त्यानें तेथें पाहिलीं. जवळजवळ तीस वर्षांनीं अमेरिकेंत वादळांनीं पाडलेलीं झाडें विमानांतून पाहतांना त्याला तीच आकृति पुन्हां दिसली, आणि वरून आदळून चोहोंकडे फुटणारा वारा तेथें आला असला पाहिजे असें अनुमान त्यानें काढिलें. १९७५ सालीं न्यूयॉर्क येथें उतरतांना एक विमान कोसळून शंभरांहून अधिक माणसें मेलीं. त्या अपघाताचें कारणही त्यानें याच वाऱ्यांत शोधलें. आरंभीं पुष्कळांस तें पटलें नाहीं. पुढें यंत्रांनीं घेतलेल्या मापांनीं तो खरा ठरला.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशीं तीस मैलांच्या वाऱ्यांत माणूस छत्री सांभाळीत चालतो. साठ मैलांचा वारा चौपट जोरानें ढकलतो आणि फांद्या मोडतो. एकशेंवीस मैलांचा सोळापट जोरानें आदळतो आणि छपरें उचलतो. १० ऑगस्ट २०२० रोजीं दक्षिण डाकोटा आणि नेब्रास्का यांच्या सीमेजवळ उठलेलें असेंच एक सरळ वादळ चौदा तासांत सुमारे ७७० मैल धांवत ओहायो संस्थानापर्यंत गेलें. आयोवांतील सीडर रॅपिड्स या शहरांत वाऱ्याचा वेग ताशीं १४० मैलांपर्यंत गेला असावा असा अंदाज आहे. कापणीस दोन महिने राहिलेला उभा मका लक्षावधि एकरांवर आडवा झाला, शहराची निम्म्याहून अधिक वृक्षराजी गेली, आणि एकंदर नुकसान अकराशें कोटि डॉलरांहून अधिक झालें. मृत्यु मात्र मोजकेच झाले. लोकांस आगाऊ सूचना मिळाली होती आणि बहुतेकांस पक्क्या घराचा आश्रय होता, हें त्याचें मुख्य कारण.

या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व दुसऱ्या एका मैदानाकडे पाहिलें म्हणजे कळून येतें. बंगालच्या सपाट प्रदेशांत चैत्र-वैशाखांत वायव्येकडून येणाऱ्या वादळांना ‘कालबैशाखी’ म्हणतात. गंगा-यमुनेच्या मुलखांत धूळ घेऊन येणाऱ्या वादळाला ‘आंधी’ म्हणतात. २ मे २०१८ च्या रात्रीं राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथें आलेल्या आंधीनें व पावसानें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. आग्रा जिल्ह्याला सर्वांत मोठा तडाखा बसला. पुष्कळजण झोंपेंत होते आणि भिंती व छपरें त्यांच्या अंगावर पडलीं. आयोवांतील वाऱ्याहून हा वारा अधिक होता असें नाहीं. भिंत कच्ची होती आणि रात्र होती, एवढाच फरक.

आतां रिपब्लिकन नदीच्या खोऱ्याकडे परत वळावयाचें. पूर ओसरल्यावर मॅक्कूक गांवच्या वृत्तपत्राचा मालक हॅरी स्ट्रंक यानें एकच ध्यास घेतला कीं, या नदीवर धरणें झालीं पाहिजेत. वर्षानुवर्षें त्यानें तो विषय सोडला नाहीं. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यानें त्याला वाट मिळाली, आणि १९४९ पासून पुढील चार-पांच वर्षांत मेडिसिन क्रीक, एन्डर्स, बॉनी, हार्लन कौंटी, ट्रेन्टन अशीं धरणें उभीं राहिलीं. त्यांतील एका जलाशयास स्ट्रंकचेंच नांव देण्यांत आलें आहे. पुराला लगाम बसला, आणि सांठलेल्या पाण्यावर शेती होऊं लागली.

परंतु या कथेचा शेवट इतका सरळ नाहीं. नदीच्या पाण्याची वांटणी कॉलोरॅडो, नेब्रास्का आणि कॅन्सस या तीन संस्थानांनीं १९४२ सालीं करार करून ठरविली होती. पुढें शेतकऱ्यांनीं विहिरींवर पंप बसवून जमिनीखालचें पाणी उपसण्यास आरंभ केला. जे झरे नदीला पोशीत होते ते आटूं लागले, आणि खालच्या कॅन्ससला ठरलेला वांटा मिळेना. तंटा त्या राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ सालीं नेब्रास्कानें कॅन्ससला ५५ लक्ष डॉलर द्यावे असा निर्णय झाला. कॉलोरॅडोस आपला करार पाळण्यासाठीं २०११ सालीं बॉनी धरणाचा जलाशयच रिकामा करावा लागला. ज्या खोऱ्यांत १९३५ सालीं माणसें पाण्यांत बुडालीं, त्याच खोऱ्यांत पाण्याच्या कमतरतेमुळें तळें सोडून द्यावें लागलें. जलाशयाच्या तळाशीं आतां गवत आणि झुडपें वाढलीं आहेत. ज्यांनीं तो पूर डोळ्यांनीं पाहिला त्यांपैकीं फारच थोडे आज हयात असतील, आणि पुढील पिढीला पुन्हां ती नदी निरुपद्रवीच दिसते.

धोका आहे तो येथेंच. मेघ बदललेले नाहींत. आखाताची ओली हवा प्रत्येक वसंतांत येते. किंबहुना हवा जों जों तापत जाते तों तों तिच्यांत अधिक वाफ मावते, आणि ती वाफ एकदम सुटली तर पाऊस अधिक जोराचा होतो, असें शास्त्रज्ञ सांगतात. माणसाच्या हातीं एक गोष्ट मात्र १९३५ पेक्षां खचित अधिक आहे. दूरच्या मेघांतील पाऊस आणि वारा दोन्ही पाहूं शकणारीं डॉप्लर रडारें १९९० नंतर अमेरिकेच्या मैदानावर सर्वत्र बसविण्यांत आलीं. भारतांतही त्यांची संख्या वाढत आहे. विजेची पूर्वसूचना शेतांत उभ्या असलेल्या माणसाच्या खिशांत पोंचविणारी ‘दामिनी’ ही योजना पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें सिद्ध केली आहे.

यंत्र वार्ता देतें. ती ऐकून उठणें हें माणसाचें काम. वादळाची सूचना मिळतांच झाड, पत्र्याचें छप्पर व कच्ची भिंत यांपासून दूर होणें. गुरांचीं दावीं वेळेवर सोडणें. वाहत्या पाण्यांत गाडी न घालणें, कारण सहा इंच वेगाचें पाणी उभ्या माणसाला पाडतें आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारी उचलून नेतें. रात्रीं नदीच्या वरच्या अंगास विजा चमकत असतील तर खालच्या गांवानें एक माणूस जागा ठेवणें. या गोष्टींना खर्च लागत नाहीं. रिपब्लिकनच्या कांठीं ३० मेच्या रात्रीं कित्येक घरांत पाऊस आला म्हणून समाधानानें दिवे मालवले गेले असतील. त्या समाधानांत कांहीं चूक नव्हती. कमी पडली ती एक हांक; आणि ती हांक वेळेवर देणें हें वरच्या गांवाचें खालच्या गांवाशीं असलेलें कर्तव्य होय.